तक्ता तोंडपाठ

सरांच्या क्लासमधून परीक्षेला बसून नापास झालेला माणूस गेल्या एकोणीस वर्षांत कोणी पाहिला नव्हता. पालक म्हणत, सर म्हणजे देवमाणूस. शाळेतले मास्तर म्हणत, तो क्लास नव्हे, डबे भरायचा कारखाना आहे. पोरांच्या डोक्यात उत्तरं भरायची, वर झाकण दाबायचं आणि परीक्षेच्या दिवशी उघडायचं. सर दोन्हींवर सारखंच हसत. त्यांचं वजन नव्वद किलो होतं आणि हसताना त्यातलं एक किलोही मागे राहत नसे. एवढ्या मोठ्या ऐवजाला सख्खा थोरला भाऊ भर रस्त्यात 'बारक्या' म्हणून हाक मारी, तेवढं मात्र त्यांना हसण्यावारी नेता येत नसे.

थोरला भाऊ पेंटर होता. चित्रंबित्रं नव्हेत, दुकानांच्या पाट्या. अक्षर असं की लोक आत जाऊन काही घेवोत न घेवोत, पाटी वाचायला क्षणभर थांबत. जुनी पाटी नव्याने रंगवायची तर आधीचा रंग उतरवावा लागतो, आणि पत्र्यावरचा रंग उतरवायला तो कॉस्टिक सोडा वापरी. पाण्यात थोडा थोडा सोडा टाकायचा, सोड्यावर कधी पाणी ओतायचं नाही, हा नियम त्याने तीस वर्षं पाळला. एकतिसाव्या वर्षी एका शिंप्याच्या पाटीचं काम निघालं. शिंपी शेजारी उभा राहून आपलं आडनाव दुकानाच्या नावापेक्षा मोठं का हवं हे समजावत होता. ते ऐकून पेंटरचं टाळकं सटकलं आणि त्याने सोड्याच्या बादलीत तांब्याभर पाणी ओतलं. बादली उसळली ती थेट त्याच्या तोंडावर.

शिंपी माणूस प्रेमळ. त्याने धावत येऊन पेंटरच्या दोन्ही डोळ्यांवर कोरं कापड दाबलं आणि मागे घट्ट गाठ मारली. मापात त्याची चूक होत नसे. रुग्णालयात पोचेपर्यंत पट्टी सुतभरही सरकली नाही. पाण्याचा नळ दुकानाच्या दाराशीच होता. वीस मिनिटं त्याच्याखाली डोळे धरले असते तर निम्मं वाचलं असतं, असं नंतर मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. शिंप्याला फार वाईट वाटलं. आडनाव लहान चाललं असतं, असंही तो म्हणाला.

डावा डोळा डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सोडून दिला. उजव्याबद्दल मात्र त्यांना उत्साह होता. मोठे डॉक्टर बारीक आवाजाचे, बोटं सतत रुमालाने पुसणारे गृहस्थ होते आणि भाजलेल्या डोळ्यांविषयी ते अशा मायेने बोलत की ऐकणाऱ्याला आपलेही भाजायला हवे होते असं वाटावं. पेंटर, त्याची बायको आणि सर अशा तिघांना समोर बसवून त्यांनी समजावलं.

"बुबुळावर काचेसारखा पडदा असतो. कॉर्निया. त्याची वरची कातडी रोज झिजते आणि रोज नवी येते. ती कुठून येते? पडद्याच्या कडेला, गोल, एक रोपवाटिका असते. तुमची ती रोपवाटिकाच जळली. रोपंच नाहीत, तर वाफ्यात काय लावणार? मग तिथे पांढरं रान माजतं."

"मग?" वहिनींनी विचारलं. वहिनी म्हणजे पेंटरची बायको. सर तिला वहिनी म्हणत, म्हणून आळीतले सगळेच म्हणत.

"आमच्याकडे एक प्रयोग चालू आहे. दोन टप्प्यांचा. आधी बारा आठवडे नवे थेंब घालायचे. त्यांना अजून नाव नाही, नंबर आहे. थेंबांनी ज्याला दिसायला लागलं तो बरा झाला, घरी गेला. ज्याला नाही दिसलं, त्याचं ऑपरेशन. रक्ताच्या नात्यातल्या माणसाच्या चांगल्या डोळ्याच्या कडेचा, हा एवढा, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा तुकडा घ्यायचा, आणि यांच्या डोळ्यावर त्याची लागवड करायची. दहातल्या सहांना पुन्हा दिसतं. मात्र वेळेवर व्हायला हवं. बुबुळावर रक्तवाहिन्या चढून बसल्या की मग कोणी काही करू शकत नाही."

"माझा घ्या," सर म्हणाले.

डॉक्टरांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. वहिनींनी तोंडाला पदर लावला. पेंटरने हवेत हात चाचपडून भावाचा दंड शोधला आणि नुसता धरून ठेवला. सरांची मान आपोआप ताठ झाली. रक्त तपासलं, जुळलं, आणि सरांनी संमतीपत्रावर सही केली ती उभ्यानेच.

त्यानंतरचे दहा आठवडे हे सरांच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. भावाला डोळा देणारा माणूस म्हणून त्यांची कीर्ती झाली. अर्ध्या दाण्याचा तुकडा लोकांच्या तोंडी वाढत वाढत आधी अर्धा डोळा झाला आणि मग एक अख्खा. सरांनी कोणाची चूक सुधारली नाही. परीक्षेत न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहू नये, असं ते मुलांनाही सांगत. एका पालकाने तर क्लासमध्ये उभं राहून टाळ्या वाजवायला लावल्या. सरांनी मान खाली घालून त्या घेतल्या. थेंब लागू पडणार याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. थेंब दादाच्या डोळ्यात जात होते आणि टाळ्या सरांच्या कानात. दोघांचंही बरं चाललं होतं.

अकराव्या आठवड्यात सर दादाला घेऊन रुग्णालयात गेले असता सिस्टरने त्यांना बाजूला घेतलं. सिस्टर मोकळ्या स्वभावाची, भराभर बोलणारी.

"थेंबांचं काही खरं दिसत नाही सर. नुसता उजेड कळतोय त्यांना. चौदातल्या तेरा जणांचं तर झालंच, फुस्स. आता राहिले तुमचे दादा. तुम्ही आपली तयारी ठेवा."

"माझी कसली तयारी?" सर हसले. "मी काय, झोपूनच असणार."

"झोपून कसं? जागंच ठेवतात. सुन्न करायचे थेंब घालतात, मग पापण्यांना वर-खाली तारेचा चिमटा लावतात, मिटू नये म्हणून. डोळा उघडाच लागतो ना सर, मिटल्यावर कापणार कुठे? पातं समोरून येताना दिसतं खरं, पण लागत काही नाही. तुम्ही दुसरं काहीतरी मनात आणायचं."

सर कठडा धरून जिना उतरले. पुढचे दोन दिवस ते मुलांना शिकवताना मधेच थांबत आणि उजवी पापणी बोटांनी वर धरून बघत. तीन सेकंदांत डोळ्याला पाणी येई. त्यांनी सिस्टरला फोन करून, एका ओळखीच्या माणसासाठी म्हणून, विचारलं की देणाऱ्याने ऐनवेळी नाही म्हटलं तर चालतं का. "चालतं की!" सिस्टर म्हणाली. "जबरदस्ती थोडीच आहे? फक्त घरच्यांना तसं सांगायचं."

तेवढं 'फक्त' सरांच्या आवाक्याबाहेरचं होतं. दादाला सांगायचं, वहिनींना सांगायचं, टाळ्या वाजवणाऱ्या पालकाला सांगायचं. त्यापेक्षा चिमटा परवडला. पण चिमटाही परवडत नव्हता. अशा पेचात सापडलेला माणूस आपल्याला येतं तेच करतो. सरांना एकच गोष्ट येत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दादाकडे गेले. पुढच्या खोलीत अर्धवट रंगवलेल्या पाट्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्यामधे पेंटर खुर्चीवर बसून वहिनींकडून थेंब घालून घेत होता. उजवा डोळा उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा.

"पुढच्या गुरुवारी परीक्षा आहे," सर म्हणाले. "तक्ता वाचून दाखवायचा. चौथ्या ओळीपर्यंत आलं की पास."

"आणि पास झालं की ऑपरेशन ना, भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

इथे सरांनी काय केलं हे नीट सांगायला हवं, कारण पुढे त्यावर बरीच चर्चा झाली. सर 'हो' म्हणाले नाहीत. त्यांनी मान डोलावली. मान डोलावणं आणि बोलणं यांत फरक आहे, असं त्यांचं मत होतं आणि ते अखेरपर्यंत टिकलं.

"पण डॉक्टर तर काहीतरी उलटं म्हणाले होते," पेंटर म्हणाला. "ज्याला दिसत नाही त्याचं ऑपरेशन, असं. मला मेलं त्या दिवशी इतकं झोंबत होतं की अर्धं कानात शिरलंच नाही. बारक्या, तू होतास. काय म्हणाले नक्की?"

"म्हणाले, निकालावर सगळं ठरेल."

"बघा!" वहिनी म्हणाल्या. "मी सांगत नव्हते? अहो, नापास झालेल्याला कोणी पुढच्या वर्गात घालतं का? ज्या डोळ्यात थोडी तरी धुगधुगी आहे त्यालाच ते भाऊजींच्या डोळ्यातलं मोलाचं लावणार. भाऊजी काय, पडीक जमिनीत टाकायला देतायत?"

सरांनी पुन्हा मान डोलावली. वहिनींचा मुद्दा त्यांना खरोखरच पटला. इतका, की हे डॉक्टरांच्या लक्षात कसं आलं नाही याचं त्यांना नवल वाटलं.

"पण मला तर 'प'सुद्धा दिसत नाही. पहिल्या ओळीतला, परातीएवढा."

"दिसायचं काय आहे त्यात?" सर म्हणाले आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढला. तक्त्याचा फोटो त्यांनी सहाव्या आठवड्यातच काढून ठेवला होता, कशासाठी हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं. प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं भिंतीवर टांगलेली आहे, अशी परीक्षा त्यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच आली होती. "लिही डोक्यात. पहिली ओळ प. दुसरी र, म. तिसरी त, ह, य. चौथी न, ट, क, भ. नटाला टकलावर कंगवा भावला."

"काय?"

"नटाला टकलावर कंगवा भावला. पहिली पहिली अक्षरं घे. पाचवी ग, प, स, र, ल. गाढवाने पाहुण्यांसमोर सुरेल रडगाणं लावलं."

पेंटर पोट धरून हसला. अपघातानंतर पहिल्यांदाच. वहिनीही हसल्या, मग हसता हसता रडल्या, मग थेंबांची बाटली आवरायला आत गेल्या.

आठ दिवस शिकवणी चालली. सर दुपारचा एक तास त्यासाठी काढत आणि क्लासच्या मुलांना स्वाध्याय देत. खुर्चीत कसं बसायचं, मान किती वर ठेवायची, तपासनीस बाईंनी छडी टेकवल्याचा टक् असा आवाज आला की किती थांबायचं, सगळं बसवून घेतलं. पेंटर विद्यार्थी म्हणून जरा चोंबडा होता.

"'भ' कसा काढलाय? गाठ भरीव आहे की पोकळ?"

"तुला काय करायचंय?"

"मला अक्षर डोळ्यांपुढे आणल्याशिवाय म्हणता येत नाही रे. नुसतं भ भ काय करू? आणि 'ल' जुना की नवा?"

सर फोटो मोठा करून बघत आणि गाठ भरीव असल्याचं सांगत. पेंटर मान हलवी. "तक्ता काढणारा शिकाऊ होता. 'र'ची शेपटी नक्की आखूड पडली असणार." सरांनी बघितलं. पडली होती.

"आता महत्त्वाचं ऐक," शेवटच्या दिवशी सर म्हणाले. "पाचव्या ओळीत एक चूक करायची. 'स'ला 'म' म्हण. सगळं बरोबर आलं की तपासणाऱ्याला संशय येतो. मी मुलांना नेहमी एक गणित चुकवायला लावतो."

"चुकीचं अक्षर मी म्हणणार नाही."

"दादा!"

"तीस वर्षांत एक पाटी चुकलो नाही. आता म्हातारपणी, तेही दिसत नसताना, चुकू?"

गुरुवारी सकाळी दहाला तिघं तपासणीच्या खोलीत हजर होते. लांबट खोली, एका टोकाला लोखंडी खुर्ची, दुसऱ्या टोकाला तक्त्याची पेटी. तपासनीस बाई करड्या चेहऱ्याच्या आणि नियमाच्या पक्क्या होत्या. कोणाला कुठले थेंब घातले हे त्यांना माहीत असायचं नाही, रुग्णाची फाइल त्यांनी उघडायची नाही, त्याच्या डोळ्यात डोकवायचंही नाही. मनात आधीपासून काही धरलं जाऊ नये म्हणून समितीने तसा नियमच केला होता. रुग्ण काय वाचतो ते ऐकायचं आणि लिहायचं. मोठे डॉक्टर दाराशी रुमालाने बोटं पुसत उभे होते. दहा दिवसांनी त्यांना एका मोठ्या परिषदेत या थेंबांवर भाषण करायचं होतं आणि चौदातले तेरा रुग्ण त्यांनी भाषणातून हळूच बाहेर काढले होते. चौदाव्याकडे ते सासरी निघालेल्या लेकीकडे बघावं तसं बघत होते.

बाईंनी टेबलावर छडी ठेवली. टक् असा आवाज झाला.

"प," पेंटर म्हणाला. "र, म. त, ह, य. न, ट, क, भ."

बाई वळल्या. पेंटरला आता थांबायचं भान नव्हतं.

"ग, प, स, र, ल."

मग बाई म्हणाल्या, "मी अजून पेटीतला दिवा लावलेला नाही."

सरांच्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला. नव्वद किलोंच्या माणसाचा घाम थोडा नसतो.

"दादाला कमी उजेडात काम करायची सवय आहे," ते म्हणाले. "आधीपासूनच."

"तक्ताही झाकलेला आहे," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी झाकलेल्या तक्त्याकडे बघितलं, पेंटरच्या पांढऱ्या डोळ्याकडे बघितलं, आणि बहुधा परिषदेच्या व्यासपीठाकडेही बघितलं असावं, कारण त्यांची नजर बराच वेळ लांब कुठेतरी होती.

"उत्साह असतो हो रुग्णांना," ते मऊ आवाजात म्हणाले. "झाकण काढा, दिवा लावा, आणि पुन्हा घ्या."

झाकण काढलं, दिवा लावला. पेंटरने तीच पंधरा अक्षरं त्याच क्रमाने पुन्हा म्हटली. एकही चुकवलं नाही. बाईंनी फॉर्म पुढे ओढला आणि पेन हातात धरून थांबल्या.

"आधी काय झालं ते कुठे लिहू?"

"रकाना आहे का त्याला?"

बाईंनी फॉर्म वर-खाली पाहिला. रकाना नव्हता. त्यांनी 'पाचवी ओळ, पूर्ण' असं लिहिलं आणि कागद उलटा ठेवला. नियमाच्या पक्क्या होत्या.

डॉक्टरांनी पुढे येऊन पेंटरचे दोन्ही हात हातात घेतले. "अभिनंदन! पडद्यावर डाग राहिलाय थोडा, पण आम्ही डाग मोजत नाही. माणसाला काय दिसतं ते मोजतो."

"मग ऑपरेशन कधी, डॉक्टरसाहेब?" पेंटरने विचारलं. त्याचा चेहरा पहिला नंबर आलेल्या मुलासारखा फुलला होता.

"कसलं ऑपरेशन?"

"दुसरा टप्पा. बारक्याच्या डोळ्यातलं... मी पास झालो ना?"

"झालात की. म्हणूनच तर नाही. ऑपरेशन नापास झालेल्यांचं. तुम्ही बरे झालात, घरी जा."

पेंटर हसत होता तो तसाच हसत राहिला. चेहऱ्याला अजून बातमी पोचली नव्हती. वहिनींना आधी पोचली. त्यांनी सावकाश मान वळवून सरांकडे पाहिलं. सर तक्ता वाचत होते.

"डॉक्टरसाहेब, मला दिसत नाही," पेंटर म्हणाला. "मी पाठ केलंय ते. नटाला टकलावर कंगवा भावला. गाढवाने पाहुण्यांसमोर सुरेल रडगाणं लावलं. बघा, हवं तर उलटं म्हणतो. ल, र, स, प, ग."

"असं होतं कधी कधी," डॉक्टर मायेने म्हणाले. "फार दिवसांनी दिसायला लागलं की मन कबूल होत नाही."

"मनाचं काय घेऊन बसलात! डोळ्याला दिसत नाही!"

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, मीठ संपलंय म्हणून सांगावं तसा. "तुम्हाला द्यायचा नव्हता."

"वहिनी, तुम्हीच म्हणालात, पास झाल्यावर..."

"तुम्हाला द्यायचा नव्हता."

"नव्हता द्यायचा?" डॉक्टरांना खरंच आश्चर्य वाटलं. "मग सांगायचं होतंत की हो! पुष्कळ जण नाही म्हणतात. त्या तेरा जणांतल्या नऊ जणांना कोणी द्यायला तयार नाही. त्यांना आम्ही मेलेल्या माणसाच्या डोळ्यातून घेऊन लावतोय, नेत्रपेढीतून. आम्ही तर उलट तेच जास्त करतो. तुमच्या तुकड्यावाचून काही अडलं नव्हतं."

सर डॉक्टरांकडे वळले. "हे मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत कधी? आणि सांगणार केव्हा? तुम्ही माझं वाक्य संपायच्या आत 'माझा घ्या' म्हणालात."

पेंटर खुर्चीतच बसून होता. त्याने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं, पण नेमक्या दिशेने नव्हे. सरांच्या डावीकडच्या कपाटाशी तो बोलला.

"बारक्या, नाही म्हणाला असतास तर मी चार शिव्या घातल्या असत्या. आठ दिवसांत विसरलो असतो रे."

सरांनी कपाटाचं उघडं दार लावून टाकलं.

फेरतपासणी हवी असेल तर अर्ज करा, समितीपुढे ठेवू, असं म्हणून डॉक्टर निघून गेले. समिती तीन महिन्यांनी बसते आणि रक्तवाहिन्यांना समितीची वाट बघायची सवय नसते, हे त्यांनी सांगितलं नाही; ते सिस्टरने जिन्यात सांगितलं. "पण मी बघते," ती म्हणाली. "आज अर्ज आत गेला आणि वर 'तातडीचा' असा शेरा पडला तर सोमवारी पुन्हा तक्ता. दुसरा तक्ता आहे कपाटात, चित्रांचा. त्यात कोण कसा पास होतो बघू! मग लगेच ऑपरेशन. शेरा कारकून मारतात. धावा."

कारकुनाची खोली तळमजल्यावर होती. वहिनींनी पेंटरला धरलं होतं म्हणून अर्ज सरांनी लिहिला. फार चांगला लिहिला. मुद्देसूद, तीन परिच्छेद, पाठ केल्याची कबुली, शिकवणाऱ्याचं नाव फक्त राहून गेलं. कारकून जाड चष्म्यातून वाचत गेला आणि त्याचं मन द्रवलेलं दिसलं. त्याने तातडीचा शिक्का काढून शाईच्या डबीवर टेकवूनही ठेवला.

"अर्जदाराची सही," तो म्हणाला आणि त्याने कागद टेबलावर पेंटरपुढे सरकवला.

कागद तिरका आला होता. पेंटरने डाव्या हाताने टेबलाची कड चाचपली, पेन धरलं आणि हात हवेतच ठेवला. त्या जागी तो टेकला असता तर सही दुसऱ्या परिच्छेदावर पडली असती. वहिनी डोळे पुसत होत्या. सर शेजारी उभे होते. त्यांनी एका बोटाने कागद वळवला, सरळ केला आणि थोडा वर ढकलला, पेनाच्या टोकाखाली बरोबर रेघ येईल इतका. एकोणीस वर्षं मुलांचे पेपर ते असेच सरळ करून देत आले होते. हात आपोआप गेला, असं ते पुढे म्हणत.

पेंटरने सही केली. अशी सही कारकुनाने त्या टेबलावर कधी पाहिली नसावी. अक्षरं सगळी एका उंचीची, आणि रेघेला इतकी नेमकी बसलेली की रेघ त्या सहीसाठीच आखली असावी.

कारकुनाने सही बघितली. चष्मा काढून, पुसून, पुन्हा बघितली. मग शिक्का उचलून डबीचं झाकण लावलं.

"यांना दिसत नाही म्हणता?"

"नाही हो!" वहिनी म्हणाल्या.

"माझं वय अठ्ठावन्न. मला चष्मा लावून एवढ्या रेघेवर सही जमत नाही." त्याने अर्जाच्या समासात लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं: "अर्जदाराने समक्ष, रेषेवर, सुवाच्य सही केली. तातडीचं कारण दिसत नाही. समितीपुढे, यथावकाश."

"रेघ होती तिथे?" पेंटरने विचारलं. "मला वाटलं, कोरा कागद आहे."

"अहो, जरा वाकडी करायचीत!" वहिनी म्हणाल्या.

"कशी करू? कागद हाताखाली सरळच आला की."

वहिनी थबकल्या. कागद कसा सरकवला गेला होता ते त्यांनी मघाशी पाहिलं होतं, आणि आता तो कसा पडलाय तेही त्या बघत होत्या. त्यांनी पिशवी उचलली आणि दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या, पाठ करून.

कारकुनाने पुढच्याला आत बोलावलं. पेंटर उठला. बायकोच्या हाताची वाट बघत क्षणभर उभा राहिला. तो आला नाही, तेव्हा त्याने सरांचा दंड शोधून काढला. पहिल्या दिवशी धरला होता तोच. बोटं या खेपेला मांसात रुतली.

"बारक्या, तू शिकवतोस मात्र झकास. एकदाही चुकलो नाही मी."

"दादा, चल घरी."

"तेच म्हणतोय. उद्यापासून रोज ये. मोरीपर्यंत किती पावलं, देवाच्या फळीला डोकं कुठे लागतं, चुलीजवळ वाकायचं किती, सगळं पाठ करून घे माझ्याकडून. घरचं झालं की आळी घेऊ. आळी झाली की बाजार. पुढची वीस-पंचवीस वर्षं तरी पुरेल एवढा अभ्यास आहे."

"रोज?"

"रोज. नापास नको व्हायला."

दारापुढे सहा पायऱ्या होत्या. सरांनी एकेक मोजून सांगितली, पेंटरने एकेक मोठ्याने म्हटली, आणि खाली पोचल्यावर त्याने सांगितलं, "चल, पुन्हा वर. आता न सांगता घे."